वाणीवरून मुळाचा शोध : जैन वाङ्मयातील आणि समाजातील उच्चारभेद

बारा कोसांवर भाषा बदलते, ही म्हण सर्वश्रुत आहे. व्यापाराच्या निमित्ताने देशोदेशी जाणारा श्रावक आणि वर्षातील आठ महिने पायी विहार करणारा साधू, या दोघांनाही तिचा प्रत्यय पावलोपावली येत आला आहे. म्हणूनच की काय, कोणत्या प्रांताचा माणूस कसा दिसतो, कसा बोलतो आणि त्याच्या तोंडी कोणता शब्द सारखा येतो, याविषयी प्राचीन भारतीय वाङ्मयात ज्या नोंदी आढळतात त्यांतील सर्वांत रसाळ नोंद एका जैन आचार्यांच्या लेखणीतून उतरलेली आहे.

ते आचार्य म्हणजे उद्द्योतनसूरी आणि तो ग्रंथ म्हणजे 'कुवलयमाला'. शके ७०० पूर्ण होण्यास एक दिवस उरला असताना, म्हणजे इ. स. ७७९ च्या मार्च महिन्यात, जाबालिपूर येथे भगवान ऋषभदेवांच्या मंदिरात ही कथा पूर्ण झाली. जाबालिपूर म्हणजे आजच्या राजस्थानातील जालोर. त्या वेळी तेथे प्रतिहार वंशातील वत्सराजाचे राज्य होते. क्रोध, मान, माया, लोभ आणि मोह यांच्या आहारी गेलेल्या पाच जीवांची जन्मोजन्मीची वाटचाल हा या कथेचा गाभा. परंतु कथा चालता चालता आचार्यांची नजर बाजारपेठांवर, मठांवर, रस्त्यांवर रेंगाळते आणि तेथेच इतिहासाच्या अभ्यासकाला घबाड सापडते.

कथानायक राजकुमार कुवलयचंद्र अयोध्येहून निघून दक्षिणेकडील विजयापुरी नगरीत पोहोचतो. तेथील हाटात निरनिराळ्या देशांचे वणिक जमले आहेत. आचार्य एकेका देशाच्या माणसाला जणू वाचकांसमोर उभा करतात. त्याचा वर्ण, बांधा, स्वभाव एका ओळीत सांगतात आणि शेवटी त्याच्या तोंडचे दोन-तीन शब्द कानावर घालतात. गोल्ल, मगध, अंतर्वेदी, कीर, टक्क, सिंध, मरू, गुर्जर, लाट, माळवा, कर्नाटक, कोसल, महाराष्ट्र, आंध्र असे एकामागून एक देश येतात. देशीभाषा अठरा असल्याचे आचार्य म्हणतात. प्रत्यक्षात वर्णन सोळांचे आहे. मध्यदेशीच्या माणसाच्या तोंडी आजच्या हिंदी भाषिकाला सहज ओळखता येतील असे 'तेरे', 'मेरे' हे शब्द आहेत. साडेबाराशे वर्षांपूर्वीच्या ग्रंथात ते वाचताना कोणाही मराठी माणसाला गंमत वाटल्यावाचून राहणार नाही.

मराठी माणसाविषयी आचार्यांनी काय लिहिले आहे, हे जाणून घेण्याची उत्सुकता साहजिक आहे. अंगाने दणकट, ठेंगणा, सावळा, सोशिक, अभिमानी आणि भांडखोर, असे ते वर्णन आहे. त्यातील शेवटची दोन विशेषणे स्वीकारायची की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. भाषेच्या इतिहासात महत्त्व आहे ते त्याच्या तोंडी घातलेल्या दोन शब्दांना. एका शब्दाचा अर्थ 'दिलेले', दुसऱ्याचा 'घेतलेले'. दोन्ही शब्दांच्या अखेरीस 'ल्ल' हा प्रत्यय आहे. आज 'दिलेले', 'घेतलेले', 'गेला', 'आला' असे म्हणताना मराठी माणूस ज्या 'ल'कारावर येऊन थांबतो, तोच हा. बाजारात उभ्या असलेल्या मराठी वाण्याच्या तोंडी देण्याघेण्याचे शब्द शोभतात, हे खरे. पण आचार्यांनी ते निवडले ते त्यांच्या शेवटच्या अक्षरासाठी. हा माणूस कोठला, हे सांगायला तेवढा प्रत्यय पुरेसा आहे, अशी त्यांची खात्री होती आणि ती रास्त होती.

गुर्जर माणूस तूपलोण्यावर पोसलेला, धर्मपरायण आणि तह व युद्ध या दोन्हींत निपुण. लाट देशीचा न्हालेला, अंगाला उटी लावलेला, नीट भांग काढलेला. मरुदेशीचा मात्र वाकडा, मंद आणि पुष्कळ खाणारा! जालोर मरुभूमीच्या कुशीत वसलेले. तेथे बसून, तेथल्याच श्रावकांच्या मंदिरात कथा पूर्ण करणाऱ्या आचार्यांनी शेजाऱ्यांची अशी थट्टा करावी आणि श्रोत्यांनी ती खपवून घ्यावी, यावरून त्या काळच्या व्याख्यानसभांत हास्यविनोदाला मज्जाव नव्हता असेच दिसते. तथापि एक गोष्ट विसरता कामा नये. ही शब्दचित्रे थट्टेची आहेत. एका देशातील सर्व माणसे एका बांध्याची, एका स्वभावाची असतात, हे आचार्यांनाही मान्य नसणार, कारण त्यांची कथा एकाच जीवाच्या बदलत्या गतींची आहे. स्वभावाची विशेषणे तेवढी विनोदाची. कानाची नोंद मात्र चोख.

आता याच कसोटीवर स्वतः उद्द्योतनसूरींना घासून पाहिले तर काय दिसते? ग्रंथाची भाषा मुख्यत्वे प्राकृत आहे आणि ती प्राकृत विद्वानांच्या परिभाषेत 'जैन महाराष्ट्री' म्हणवली जाते. हे नाव जर्मन पंडित हेर्मान याकोबी यांनी रूढ केले. ते वाचून एखाद्याने आचार्यांना गोदातीरीचे ठरवले तर तो सपशेल फसेल. श्वेतांबर परंपरेतील टीका, कथा, चरित्रे यांचा फार मोठा भाग या भाषेत आहे आणि त्याचे बहुतेक कर्ते गुजरात-राजस्थानात विहरणारे होते. त्यांची बोलण्याची भाषा महाराष्ट्री होती, असे मुळीच नाही. सातवाहन राजा हाल याच्या नावे प्रसिद्ध असलेल्या 'गाथासप्तशती'पासून महाराष्ट्री ही काव्याची भाषा म्हणून नावाजली गेली. दंडीने तिला प्राकृतांमध्ये उत्कृष्ट म्हटले. पुढे वैयाकरणांनी तिलाच आधारभूत धरले. आचार्य हेमचंद्रांनी पाटणला बसून प्राकृताचे व्याकरण लिहिले, तेव्हा जिला ते नुसते 'प्राकृत' म्हणतात ती महाराष्ट्रीच आहे. थोडक्यात, महाराष्ट्री लिहिणारा महाराष्ट्रीय असलाच पाहिजे असे नाही.

दिगंबर परंपरेतही हाच प्रकार आढळतो. 'षट्खंडागम' आणि आचार्य कुंदकुंदांचे 'प्रवचनसार' यांच्या भाषेला अभ्यासक 'जैन शौरसेनी' म्हणतात. शूरसेन म्हणजे मथुरेभोवतालचा प्रदेश. परंतु कुंदकुंदाचार्य दक्षिणेतले. आणि षट्खंडागमाची परंपरा गिरनारच्या गुहेत धरसेनाचार्यांकडून पुष्पदंत आणि भूतबली यांना मिळाली व ते पुढे दक्षिणेकडे गेले, असे सांगितले जाते. मथुरेचे नाव धारण करणारी भाषा सौराष्ट्राची गुहा आणि दक्षिणेचे मठ यांच्यामधून वाहिली. केवळ नावावरून उगमाचा शोध घेऊ जाणाऱ्याची अशी दिशाभूल होते.

संस्कृत नाटकांनी तर या दिशाभुलीचा संकेतच करून टाकला. नाटकातील कुलीन स्त्रिया गद्यात शौरसेनी बोलतात, गाताना महाराष्ट्रीत गातात आणि खालच्या समजलेल्या पात्रांच्या वाट्याला पुष्कळदा मागधी येते. 'शाकुंतला'त अंगठी सापडलेला कोळी मागधी बोलतो. तो मगध देशाचा आहे म्हणून नव्हे. नाटककाराला त्याचे गाव सांगायचे नसून त्याची पायरी सांगायची आहे. 'मृच्छकटिका'तील शकाराचे तर नावच त्याच्या उच्चारावरून आलेले आहे. प्रत्येक 'स'च्या जागी तो 'श' म्हणतो आणि प्रेक्षक हसतात.

मागधीची खूण ओळखायला तीन गोष्टी पुरतात. 'र'चा 'ल' होतो, 'स'चा 'श' होतो आणि कर्त्याच्या रूपाच्या शेवटी 'ए' येतो. 'पुरुष' हा शब्द महाराष्ट्रीत 'पुरिसो' होतो, मागधीत 'पुलिशे'. ही खूण फार जुनी आहे आणि तिची हेटाळणीही तितकीच जुनी. पतंजलीच्या महाभाष्यात असुरांची एक कथा येते. शत्रूंना उद्देशून 'हे अरयः' असे म्हणण्याऐवजी त्यांनी 'हेलयः' असा उच्चार केला आणि त्यांचा पराभव झाला. येथेही 'र'चा 'ल' झालेला आहे. पूर्वेकडच्या उच्चाराची चेष्टा करण्याची ही रीत नाटकांच्या कितीतरी आधीची आहे, हे यावरून ध्यानात येते.

पण ज्या उच्चाराला एका ठिकाणी असुरांचा आणि दुसऱ्या ठिकाणी कोळ्याचा म्हटले गेले, तोच उच्चार एके काळी भारतातील सर्वांत बलाढ्य राजदरबाराचा होता. सम्राट अशोकाच्या शिलालेखांत याचा पुरावा दगडावर कोरलेला आहे. ओरिसातील धौली येथील लेखात राजा स्वतःला 'लाजा' म्हणवतो. राजस्थानातील बैराट येथे सापडलेल्या लेखातही 'लाजा' आहे आणि तेथे त्याने स्वतःला मगधाचा म्हटले आहे. गिरनारच्या पायथ्याशी असलेल्या शिळेवर मात्र 'राजा' असा शब्द आहे. आज्ञा एकाच सम्राटाची, मजकूर बहुतांशी तोच. पण सौराष्ट्रात कोरताना तेथल्या कानाला रुचेल असा उच्चार दिला गेला. गिरनारच्या यात्रेला जाणारे असंख्य जैन भाविक वाटेवर या शिळेजवळून जातात. तिच्यावरील 'राजा' वाचून अशोक पश्चिमेचा होता असा निष्कर्ष कोणी काढला तर? लेखाचा उच्चार तो कोरणाऱ्याच्या मुलखाचा असू शकतो, सांगणाऱ्याचा नव्हे.

हे सारे सांगण्याचे कारण असे की जैन धर्माचा स्वतःचा भाषिक जन्म याच हेटाळणी झालेल्या पूर्वेकडच्या बोलीत झालेला आहे. भगवान महावीरांनी अर्धमागधीत उपदेश केला, असे आगम सांगतात. आणि समवसरणात बसलेल्या प्रत्येक जीवाला ती वाणी आपापल्या भाषेत समजली, असेही सांगतात. सातव्या शतकातील जिनदासगणी महत्तरांनी 'निशीथचूर्णी'त अर्धमागधी या नावाचे दोन अर्थ दिले आहेत. मगधाच्या अर्ध्या भागात बोलली जाणारी, हा एक. आणि अठरा देशीभाषांचे मिश्रण असलेली, हा दुसरा. उद्द्योतनसूरींचा अठराचा आकडा वाचताना या जुन्या परंपरेची आठवण होते.

आधुनिक व्याकरणाच्या दृष्टीने पाहिले तरी हे नाव चपखल ठरते. अर्धमागधीत 'पुरुष' या शब्दाचे रूप 'पुरिसे' असे होते. शेवटचा 'ए' मागधीचा. पण 'र' शाबूत, 'स' शाबूत. एका शब्दात दोन मुलूख नांदताना दिसतात. शिवाय आगम ज्या रूपात आज उपलब्ध आहेत ते रूप त्यांना मगधात मिळालेले नाही. साधुसंघ पूर्वेकडून मथुरेकडे, मथुरेकडून पश्चिमेकडे सरकत गेला आणि वीर निर्वाणानंतर ९८० व्या किंवा ९९३ व्या वर्षी, म्हणजे इसवी सनाच्या पाचव्या शतकात, सौराष्ट्रातील वलभी येथे देवर्द्धिगणी क्षमाश्रमणांच्या अध्यक्षतेखाली आगम पुस्तकारूढ झाले. कित्येक पिढ्यांनी मुखोद्गत ठेवलेले पाठ एवढ्या प्रवासात जसेच्या तसे राहणे शक्यच नव्हते. 'आचारांग' आणि 'सूत्रकृतांग' यांच्या प्राचीन अंशांत 'ए'कारान्त रूपे अधिक टिकून आहेत. इतरत्र, विशेषतः पद्यात, 'ओ'कारान्त रूपे शिरलेली आहेत आणि शब्दांमधली व्यंजने महाराष्ट्रीप्रमाणे गळालेली आहेत. एखाद्या कुटुंबातील आजोबा, वडील आणि नातू यांच्या बोलण्यात जो फरक पडतो, तोच फरक एका ग्रंथराशीत थरांसारखा साठलेला आहे. विद्वान या थरांवरूनच कोणता अंश जुना आणि कोणता नंतरचा याचा अंदाज बांधतात. येथे उच्चार फसवीत नाही. तो पुष्कळ सांगतो. मात्र जे सांगतो ते एका गावाविषयी नसून संपूर्ण वाटेविषयी असते.

माणसाच्या बोलण्यावर शेरे मारण्याची हौस पुढेही चालू राहिली. इ. स. ९०० च्या सुमारास राजशेखराने 'काव्यमीमांसे'त कोणत्या प्रांताचे लोक काव्य कसे म्हणतात याची गमतीदार नोंद केली आहे. लाट देशीचे लोक संस्कृताचा द्वेष करतात, पण प्राकृत मोठे गोड म्हणतात. कर्नाटकातले प्रत्येक ओळीच्या शेवटी ठसक्यात नाद काढतात. काश्मिरींचे पठण कानात गुळवेलीचा रस ओतावा तसे वाटते, असे त्याचे म्हणणे. हे लिहिणारा राजशेखर कनोजच्या दरबारी होता, परंतु त्याचे पूर्वज महाराष्ट्रातले. त्याचे स्वतःचे पठण ऐकून कनोजकरांना काय वाटत होते, ते त्याने लिहून ठेवलेले नाही!

ग्रंथांकडून दगडांकडे वळल्यास महाराष्ट्रातील प्रत्येक जैनाला, किंबहुना शाळेत शिकलेल्या प्रत्येक मराठी माणसाला, परिचित असलेले उदाहरण समोर येते. श्रवणबेळगोळ येथे गोमटेश्वर बाहुबलींच्या चरणांपाशी कन्नड आणि तमिळ ओळींबरोबर नागरी लिपीत 'श्रीचावुंडराजें करवियलें' अशी अक्षरे आहेत. या ओळीवरून मूर्तीचा निर्माता मराठी होता असे कोणी समजू नये. चावुंडराय हे गंग राजांचे मंत्री आणि सेनापती, त्यांचे 'चावुंडरायपुराण' (इ. स. ९७८) कन्नड गद्यातील आद्य ग्रंथांपैकी एक मानले जाते. मग कन्नड मुलखात, कन्नड लेखकाच्या नावाने ही ओळ का कोरली गेली? दर्शनाला येणाऱ्यांमध्ये ती भाषा वाचणारे यात्रेकरू होते, हे याचे सरळ उत्तर. ओळीतली भाषा दात्याचे घर दाखवीत नाही. ती वाचणाऱ्याचे घर दाखवते.

शेजारी आणखी एक ओळ आहे : 'श्रीगंगराजे सुत्ताले करवियले'. गंगराज हा होयसळ राजा विष्णुवर्धनाचा सेनापती. त्याने मूर्तीभोवतीचे आवार बांधवले, त्याची ही नोंद. 'सुत्ताले' हा शब्द मराठी वाचकाला अडवतो, कारण तो कन्नड आहे. सभोवतीची ओवरी असा त्याचा अर्थ. वाक्याचा साचा मराठी आणि मधोमध ठाण मांडून बसलेला शब्द कन्नड. आजही सांगली, कोल्हापूर, बेळगाव या भागातील घराघरांत अशी वाक्ये ऐकू येतात. पहिली ओळ मूर्तीच्या प्रतिष्ठेच्या वेळची, म्हणजे दहाव्या शतकाच्या अखेरची, असे दीर्घकाळ मानले गेले. दोन्ही ओळी गंगराजाच्या काळी, बाराव्या शतकाच्या आरंभी, एकदमच कोरल्या असाव्यात असेही मत पुढे मांडले गेले आहे. शिवाय 'करवियलें' हे रूप पाहून कोकणी भाषेच्या अभ्यासकांनी या ओळीवर आपला हक्क सांगितला आहे. दोन शब्दांच्या ओळीने एवढा वाद निर्माण करावा, हे उच्चाराच्या खुणेवर माणसे किती विसंबतात याचेच द्योतक होय.

हा वाद केवळ विद्वानांचा राहत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे ४४ लाख ५० हजार जैनांपैकी १४ लाख महाराष्ट्रात राहत होते. अन्य कोणत्याही राज्यात एवढी संख्या नव्हती. या चौदा लाखांची मातृभाषा एक नाही. कोल्हापूर-सांगलीकडील चतुर्थ आणि पंचम, मराठवाडा-विदर्भातील सैतवाळ आणि बघेरवाल, मारवाडातून आलेले ओसवाल, गुजरातचे श्रीमाळी व पोरवाड, कच्छी, बुंदेलखंडाचे परवार अशी अनेक घराणी एका मंदिराच्या किंवा स्थानकाच्या छताखाली येतात. तेथे नव्या माणसाने तोंड उघडले की ऐकणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न उठतो : हे मूळचे कुठले? सोयरिकीच्या बोलणीत, विश्वस्तांच्या निवडीत, कधी घर भाड्याने देताना या प्रश्नाचे उत्तर उच्चारावरून परस्पर ठरवून टाकले जाते आणि त्याप्रमाणे माणसाला जवळचा किंवा बाहेरचा मानले जाते.

ते उत्तर कितपत खरे असते? 'ळ' या अक्षराचे उदाहरण घ्यावे. 'बाळ', 'डाळ', 'केळे' हे शब्द स्वच्छ म्हणणारा माणूस मराठी, आणि 'बाल', 'डाल' म्हणणारा बाहेरचा, अशी एक सर्वसाधारण समजूत आहे. परंतु 'ळ' गुजरातीत आहे, मारवाडीत आहे, कन्नडमध्येही आहे. नाही तो प्रमाण हिंदीत. त्यामुळे या कसोटीवर मारवाडहून कालपरवा आलेला ओसवाल उत्तीर्ण होतो आणि नागपुरात कित्येक पिढ्या काढलेल्या बुंदेलखंडी घरातील मूल नापास होण्याची शक्यता असते.

'च' आणि 'ज' यांची कसोटी अधिक सूक्ष्म आहे. विश्व या अर्थाचे 'जग' आणि जगणे या क्रियापदाचे आज्ञार्थी 'जग' मराठीत एकसारखे लिहिले जातात, पण उच्चारले जात नाहीत. 'चाक' आणि 'चार' यांतील 'च'ही वेगवेगळे आहेत. लिपीत भेद नसल्याने पुस्तकावरून मराठी शिकणाऱ्याला हे कळण्यास मार्ग नाही. ते कानानेच शिकावे लागते. गुजराती घरातील वडीलधारी मंडळी येथे बहुधा अडखळतात, पण अंगणात मराठी मुलांबरोबर वाढलेली त्यांची नातवंडे अडखळत नाहीत. तेव्हा ही कसोटी माणसाचे कूळ सांगत नाही. त्याचे बालपण कोणाबरोबर गेले, एवढे मात्र ती अचूक सांगते.

कोल्हापूरकडील मुलगी पुण्यात येऊन 'मी जातो', 'मी आलो' असे म्हणाली की ऐकणारे चमकतात. कन्नडमध्ये प्रथमपुरुषी क्रियापदाला लिंगभेद नसतो. त्या शेजाराचा हा परिणाम असल्याचे सांगितले जाते. म्हणून ती मुलगी कन्नड घरातली ठरत नाही. कन्नडचा एक शब्दही न येणाऱ्या, पिढ्यान्‌पिढ्या मराठी असलेल्या कुटुंबांतही हीच रूपे वापरली जातात आणि ती जातपात किंवा धर्म पाहत नाहीत. कच्छी बांधवांची कथा याच्या उलट आहे. त्यांचा व्यवहार आणि लेखन गुजरातीत चालत आल्यामुळे मुंबईत त्यांना सरसकट गुजराती समजले जाते. वस्तुतः कच्छी बोली सिंधीच्या अधिक जवळची.

बघेरवालांचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. ज्ञातीचे नाव राजस्थानातील बघेरा या गावावरून पडलेले. राजस्थानात हाडौतीकडे आजही बघेरवाल आहेत आणि ते तिकडचीच बोली बोलतात. विदर्भात, विशेषतः कारंजा परिसरात, स्थिरावलेल्या बघेरवालांच्या घरात मात्र मराठी आहे, तीही वऱ्हाडी वळणाची. कारंजा हे भट्टारकांचे पीठ आणि हस्तलिखितांच्या भांडारांसाठी विख्यात. नाव ऐकून त्यांना राजस्थानी म्हणावे, तर बोलणे ऐकून वऱ्हाडी म्हणावे लागते. आणि दोन्ही खरे आहे. एवढ्या पिढ्यांनंतरही 'तुम्ही इकडे कधी आलात?' असा प्रश्न एखाद्याला विचारला जातो, तेव्हा विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. ऐकणाऱ्याला मात्र तो लागतो.

असे स्थलांतर साहित्यातही उमटलेले आहे. पंधराव्या शतकात ब्रह्म जिनदासांनी गुजराती-राजस्थानी वळणाच्या भाषेत अनेक रास रचले. त्यांचे शिष्य गुणदास यांनी 'श्रेणिकचरित्र' मराठीत लिहिले. गुरूची भाषा एक, शिष्याची दुसरी आणि परंपरा तीच. ज्या 'कुवलयमाले'ने या लेखाचा आरंभ झाला, तिचे भाग्यही असेच फिरते आहे. तिची एक ताडपत्री प्रत जैसलमेरच्या भांडारात मिळाली, दुसरी कागदी प्रत पुण्यात. त्या दोन्हींवरून चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली ती डॉ. आ. ने. उपाध्ये यांनी. ते बेळगाव जिल्ह्यातील सदलगा गावचे आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अर्धमागधीचे प्राध्यापक. जालोरच्या श्वेतांबर आचार्यांचा ग्रंथ सीमाभागातील एका दिगंबर पंडिताने मुंबईच्या सिंघी जैन ग्रंथमालेसाठी संपादित केला आणि १९५९ साली त्याचा मूळ पाठ प्रसिद्ध झाला.

२०२४ च्या ऑक्टोबर महिन्यात केंद्र सरकारने मराठी आणि प्राकृत या दोन्ही भाषांना अभिजात दर्जा दिला. मराठीच्या प्राचीनत्वाच्या चर्चेत महाराष्ट्री प्राकृताचा आधार वारंवार घेतला गेला होता. त्या महाराष्ट्रीचे संगोपन करणाऱ्यांत महाराष्ट्राबाहेरच्या किती जैन आचार्यांचा हात होता, याची आठवण त्या आनंदात काढली गेली असती तर ते अधिक उचित झाले असते.

अखेरीस ज्या पाठाने प्रत्येक जैनाचा दिवस सुरू होतो, त्याच्याकडे वळणे योग्य ठरेल. नवकार मंत्राचे पहिले अक्षर कोणी 'न' म्हणतो, कोणी 'ण'. मूर्तिपूजक श्वेतांबर घरांत 'नमो' अधिक ऐकू येते, दिगंबर आणि स्थानकवासी घरांत 'णमो'. त्यामुळे एखाद्या बालकाने मंत्र म्हणायला सुरुवात करताच ज्येष्ठ मंडळी त्याचा आम्नाय मनोमन ठरवून मोकळी होतात. प्राचीन लेखांकडे पाहिले तर मात्र हा निवाडा डळमळतो. ओरिसात उदयगिरीवर सम्राट खारवेलाचा हाथीगुंफा लेख आहे. त्यात पहिले अक्षर 'न' आहे आणि 'अरहंतानं' या शब्दाच्या शेवटीही 'न'च आहे. तो लेख कोरला गेला तेव्हा या दोन उच्चारांवरून आम्नाय ओळखण्याची वेळ आलेली नव्हती.

महाराष्ट्रात याला जुळणारा लेख मावळ तालुक्यात पाले येथील लेण्यात आहे. डॉ. ह. धी. सांकळिया आणि डॉ. शोभना गोखले यांनी तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रसिद्ध केला. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला हा लेख महाराष्ट्रातील आद्य जैन लेख म्हणून ओळखला जातो. त्याचाही आरंभ 'नमो अरहंतानं' असाच आहे. त्यापुढचा शब्द 'कातुन', म्हणजे 'करून'. दोन हजार वर्षांपूर्वी मावळच्या डोंगरात कोरलेल्या त्या शब्दाच्या शेवटी असलेला 'ऊन' आज 'जाऊन', 'येऊन', 'बसून' म्हणणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी आहे, मग त्याचे घर बघेऱ्याहून आलेले असो, ओसियाहून असो की सदलग्याहून. लेण्याचे आणि पाण्याच्या टाक्याचे दान करणाऱ्याचे नाव लेखात दिलेले आहे : भदंत इंदरखित. तो कोणत्या गावचा, हे त्या ओळींत लिहिलेले नाही.